किप्लिनचें कॅल्व्हर्ट घराणें
एका इंग्रज वसाहतकर्त्याच्या मूळपुरुषांचा शोध

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या निमित्तानें चर्चमधील जुनें दप्तर उघडण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार आला. बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या व मर्तिकांच्या त्या वह्या पुष्कळांनीं पाहिल्याहि नसतील. कांहीं पानें कसरीनें खाल्लीं आहेत. कांहींवरील शाई इतकी फिकट झाली आहे कीं, पान खिडकीशीं नेऊन उजेडांत तिरपें धरल्याखेरीज अक्षर लागत नाहीं. तरीहि गेल्या वर्षभरांत या वह्यांकरितां जितकी मंडळी आमच्या दारीं आली, तितकी पूर्वीं कधीं आली नव्हती. प्रत्येकाचा प्रश्न एकच : "फादर, आमचें घराणें मूळ कोठलें?" आणि या प्रश्नाच्या पाठीमागें बहुधा एक आशाहि दडलेली असते. कोणास वाटतें, आडनांव पोर्तुगीज आहे त्या अर्थीं रक्तहि पोर्तुगीज असलें पाहिजे. कोणास वाटतें, बाप्तिस्म्यापूर्वीं आपले पूर्वज उच्च कुळांतले होते व तसें वहींत कोठें तरी लिहिलेलें सांपडेल. अशा पुष्कळांना आम्हीं निराश करून परत पाठविलें, याचें आम्हांस वाईट वाटतें. त्यांना जें उत्तर द्यावयाचें होतें, तें दारांत उभ्याउभ्या देण्यासारखें नव्हतें. म्हणून तें येथें सविस्तर लिहीत आहों. मात्र त्याकरितां वाचकांस एका दूरदेशच्या घराण्याची हकीकत ऐकून घ्यावी लागेल.

हें घराणें म्हणजे उत्तर अमेरिकेंत मेरीलँड नांवाची वसाहत स्थापन करणारें कॅल्व्हर्ट घराणें होय. सतराव्या शतकांत अमेरिकेंत जाऊन राहिलेले सर्व इंग्रज प्रॉटेस्टंट होते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. परंतु १६३३ सालच्या नोव्हेंबरच्या २२ व्या तारखेस, म्हणजे संत सिसिलियेच्या सणादिवशीं, इंग्लंडच्या दक्षिणेकडील काउझ बंदरांतून दोन गलबतें निघालीं. त्यांतील मोठ्याचें नांव 'आर्क' व धाकट्याचें 'डव्ह', म्हणजे नोहाचें तारूं व त्यांतून सोडलेलें कबूतर. त्यांवर सुमारें दीडशें माणसें होतीं. बहुतेक नोकरचाकर व कारागीर प्रॉटेस्टंट. परंतु पुढारी मंडळी मुख्यतः कॅथोलिक, आणि त्यांच्याबरोबर फादर अँड्र्यू व्हाइट व फादर जॉन ऑल्थम हे दोन जेझुइट धर्मगुरु. वादळांत दोन्ही गलबतांची ताटातूट झाली; कबूतर बुडालें असेंच सर्वांनीं धरून चालले होते; पण बार्बाडोस बेटापाशीं तीं पुन्हा एकत्र आलीं. १६३४ च्या मार्चच्या २५ व्या तारखेस, देवदूतानें पवित्र कुमारी मरियेस निरोप सांगितला त्या सणादिवशीं, पोटोमॅक नदींतील संत क्लेमेंट बेटावर फादर व्हाइट यांनीं मिस्साबलिदान अर्पण केलें. मग एका झाडाचा मोठा क्रूस करून तो त्या मंडळींनीं आपल्या खांद्यावरून वाहून नेला व उभारला. त्या क्रुसाला खांदा देणारांत वसाहतीचा पहिला गव्हर्नरहि होता. त्याचें नांव लेनर्ड कॅल्व्हर्ट. वय तिशीच्या आंतलें.

हा लेनर्ड कोण, कोठला, व कोणाचा? वंशाचा शोध करावयाचा तर पहिला नियम असा कीं, जें माहीत आहे तेथून एकेक पायरी मागें जावें. प्रसिद्ध पुरुषापासून सुरुवात करून त्याला आपल्या घरापर्यंत ओढून आणूं नये. हा नियम पाळून आपण या तरुण गव्हर्नरापासून मागें जाऊं.

त्याचा बाप सर जॉर्ज कॅल्व्हर्ट, पहिला लॉर्ड बाल्टिमोर. यास इंग्लंडचा इतिहास चांगला ओळखतो. १६१७ मध्यें राजा पहिला जेम्स यानें त्याला 'सर' केलें व १६१९ मध्यें राज्याचा सेक्रेटरी नेमलें. त्या काळीं ही जागा म्हणजे राजाच्या मंत्र्यांतील अगदीं वरची. पैसा, जमीन, दरबारांतील मान, कशाचीहि त्यास वाण नव्हती. व्हर्जिनिया कंपनींत त्याचें भांडवल होतें, आणि जी ईस्ट इंडिया कंपनी पुढें आपल्या देशाची धनीण झाली, तिच्याहि भांडवलांत १६०९ पासून त्याचा भाग होता.

अशा मनुष्यास वंशवृक्षाची गरज भासावी यांत नवल नाहीं. आपल्याकडे घर भरलें कीं भाट दारीं येतो व सात पिढ्यांचें मोठेपण गाऊन जातो. इंग्लंडांत हें काम राजचिन्हांचे अधिकारी करीत. १६२२ सालीं उत्तर इंग्लंडच्या राजचिन्हांचा मुख्य अधिकारी सर रिचर्ड सेंट जॉर्ज यानें जॉर्ज कॅल्व्हर्ट यास एक सनद करून दिली. तिच्यांत अँटवर्प येथें राहणारे इतिहाससंशोधक रिचर्ड व्हर्स्टेगन यांनीं पाठविलेल्या दाखल्याच्या आधारें असें नमूद केलें कीं, हें घराणें फ्लँडर्स प्रांतांतील एका प्राचीन व थोर सरदारकुळांतून उतरलेलें आहे. सोनेरी व काळ्या उभ्या पट्ट्यांची ढाल ही त्या घराण्याची निशाणी ठरली. तीच निशाणी, जॉर्जच्या आईच्या क्रॉसलँड कुळाच्या तांबड्या-पांढऱ्या क्रुसासह, १९०४ पासून मेरीलँड संस्थानाच्या ध्वजावर कायद्यानें विराजमान झालेली आहे.

आतां ही फ्लँडर्सची गोष्ट कितपत खरी? सनद खोटी नव्हती; शिक्का खरा होता, सही खरी होती. पण सनदेची तारीख पाहण्यासारखी आहे. जॉर्ज जेव्हां सामान्य घरांतला विद्यार्थी होता तेव्हां त्याचें सरदारकुळ कोणास आठवलें नव्हतें. तो सेक्रेटरी झाल्यावर तीन वर्षांनीं तें सांपडलें. समुद्रापलीकडचा सरदार आणि यॉर्कशर परगण्यांतील हें घर यांना जोडणारी पिढ्यांची सांखळी दाखविणारा पुरावा कोणींहि पुढें आणलेला नाहीं.

उलट खुद्द आडनांव कांहीं निराळेंच सांगतें. 'कॅल्व्हर्ट' हा जुन्या इंग्रजी भाषेंतील शब्द. त्याचा अर्थ वासरें राखणारा. आपल्याकडे गवळी, धनगर, कुंभार हीं जशीं धंद्यावरून नांवें पडलीं, तसेंच हें. यॉर्कशरच्या उत्तरेकडील स्वेल नदीच्या खोऱ्यांत गुरें-मेंढरें पाळणें हाच लोकांचा पूर्वापार धंदा, आणि त्याच खोऱ्यांत कॅल्व्हर्ट आडनांवाचीं घरें भरपूर. म्हणून फ्लँडर्सच्या वाड्यापेक्षां स्वेलकांठच्या गोठ्यांतच या घराण्याचें मूळ असावें, असें मानणें अधिक सयुक्तिक दिसतें. कोणास यांत कमीपणा वाटेल. परंतु इस्राएलाचा राजा दावीद यास परमेश्वरानें मेंढवाड्यांतूनच उचलून आणिलें होतें, हें आपण विसरूं नये.

एक पायरी आणखी मागें जाऊं. जॉर्जचा बाप, म्हणजे गव्हर्नराचा आजा, याचेंहि नांव लेनर्ड कॅल्व्हर्ट. आपल्याकडे आजोबांचें नांव नातवास ठेवितात, तसाच हा प्रकार. हा थोरला लेनर्ड यॉर्कशरांत रिचमंड शहराजवळ किप्लिन येथें राहत असे. तो लॉर्ड व्हार्टन याचें कूळ होता. जमीन दुसऱ्याची, पण कसणारा खाऊनपिऊन सुखी, गांवांत वजन असलेला. त्याची बायको अ‍ॅलिस क्रॉसलँड ही त्याच्याहून वरच्या घरची. यांच्या पोटीं १५७९ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला.

त्याच १५७९ सालीं दुसरा एक इंग्रज कॅथोलिक, विल्टशर परगण्यांतला फादर थॉमस स्टीफन्स, एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरच्या २४ व्या तारखेस गोव्यास येऊन पोहोंचला. त्याच फादर स्टीफन्स यांनीं मराठींत क्रिस्तपुराण रचिलें व १६१६ सालीं तें रायतूर येथें छापून निघालें. आपल्या वाडवडिलांच्या मुखीं शतकानुशतकें राहिलेला हा ग्रंथ आणि मेरीलँडची वसाहत, हीं दोन्ही एकाच काळाच्या कॅथोलिक इंग्लंडचीं लेंकरें आहेत. ज्या मुलुखांत आपला धर्म पाळण्यास जागा उरली नव्हती, तेथून एक जण पूर्वेस आला व एक घराणें पश्चिमेस गेलें.

त्या मुलुखांत त्या वेळीं काय चाललें होतें, हें समजल्याखेरीज पुढील हकीकत समजणार नाहीं. १५५९ च्या कायद्यानें राणी एलिझाबेथ इंग्लंडच्या चर्चची सर्वाधिकारी झाली व दर रविवारीं सरकारी प्रार्थनेस न जाणाऱ्यास बारा पेन्स दंड ठरला. १५८१ मध्यें तो दंड महिन्यास वीस पौंड करण्यांत आला. एवढी रक्कम भरतां भरतां चांगल्या जमीनदाराचेंहि घर बसावें. धर्मगुरूस घरांत आसरा देणारास मृत्यूची शिक्षा होती. यॉर्क शहरांतील खाटकाची बायको मार्गारेट क्लिथरो हिला याच आरोपावरून १५८६ च्या मार्चच्या २५ व्या तारखेस अंगावर वजनें ठेवून चिरडून मारण्यांत आलें. पोप सहावे पॉल यांनीं १९७० मध्यें तिला संतपद दिलें. त्याच २५ मार्चला, अठ्ठेचाळीस वर्षांनंतर, मेरीलँडांत त्या बेटावर मिस्सा झाली, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. त्या शतकांत बळजोरी एकाच पक्षानें केली असें नाहीं. जेथें कॅथोलिक राजे होते तेथें त्यांनींहि दुसऱ्यांच्या मनावर जुलूम केला. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन सुरू झालें, त्याच्या आठवणी आपल्या कोंकणपट्टींत अद्याप बुजलेल्या नाहींत. आपल्या लोकांचे हाल सांगतांना आपल्या लोकांनीं केलेले हाल झांकून ठेवणें हा इतिहास नव्हे.

आतां किप्लिनकडे वळूं. या घराण्याची खरी माहिती सनदेंत नाहीं. ती आहे धर्मखात्याच्या कोर्टाच्या कागदांत. जे कॅथोलिक सरकारी चर्चपासून दूर राहिले, त्यांचीं नांवें तेथील वह्यांत नीट सांपडत नाहींत. कारण बाप्तिस्मे, लग्नें व मिस्सा हीं सर्व चोरून होत. त्यांच्या वंशजांना आपले पूर्वज हुडकण्यास दंडाच्या याद्या व तक्रारींचे कागदच उपयोगी पडतात. ज्या लेखण्यांनीं हीं माणसें छळलीं, त्याच लेखण्यांनीं त्यांचीं नांवें राखलीं, ही ईश्वरी योजनाच म्हणावयाची.

त्या कागदांवरून असें दिसतें कीं, १५८० सालीं, जॉर्ज तान्हा असतांनाच, थोरल्या लेनर्डकडून सरकारी प्रार्थनेस हजर राहण्याचें वचन घेण्यांत आलें. त्यानें तें दिलें. १५८७ च्या नोव्हेंबरांत अ‍ॅलिस वारली व लेनर्डनें तिचीच चुलत बहीण ग्रेस क्रॉसलँड हिच्याशीं लग्न केलें. १५९२ मध्यें पुन्हा तक्रार झाली कीं, मुलांचा शिक्षक त्यांस 'पोपच्या धर्माच्या' पुस्तकांतून धडे देतो. हुकूम झाला : जॉर्ज व त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांस प्रॉटेस्टंट शिक्षकाच्या हवालीं करावें, जरूर तर महिन्यांतून एकदां मुलांना कमिशनपुढें उभें करून त्यांची परीक्षा द्यावी, घरांत एकहि कॅथोलिक नोकर ठेवूं नये, आणि इंग्रजी बायबल विकत घेऊन तें घरांत सर्वांना वाचतां येईल असें उघडें ठेवावें. लेनर्डनें जामीनखत लिहून दिलें. मुलें बिल्टन येथें दुसऱ्या शिक्षकाकडे रवाना झालीं.

पवित्र शास्त्र घरांत उघडें असावें याला कोणता ख्रिस्ती मनुष्य हरकत घेईल? पण देवाचें वचन जेव्हां पहारेकरी म्हणून घरांत बसवितात, तेव्हां त्या घरांतील लेंकरांच्या मनावर काय परिणाम होत असेल, याचा विचार आईबापांनींच करावा. बारा वर्षांच्या जॉर्जनें त्या वर्षीं दोन गोष्टी पाहिल्या. बापानें सही केली, हें त्यानें पाहिलें. आणि सावत्र आईनें सही केली नाहीं, हेंहि पाहिलें. कारण १५९३ मध्यें ग्रेस हिला कॅथोलिकांना हुडकून पकडणाऱ्या सरकारी शिपायाच्या ताब्यांत दिल्याची नोंद आहे. आणि अकरा वर्षांनंतर, १६०४ मध्यें, पुन्हा तिचें नांव आढळतें : किप्लिनच्या लेनर्ड कॅल्व्हर्टची बायको, गेल्या ईस्टरास सरकारी चर्चमध्यें कम्युनियन न घेतलेली.

तिच्याबद्दल याहून फारसें कांहीं उरलेलें नाहीं. चित्र नाहीं, पत्र नाहीं. एका तक्रारखात्याच्या कारकुनानें खरडलेली ती ओळ. आम्हीं मात्र जेव्हां जेव्हां ती ओळ आठवतों, तेव्हां १६२२ ची सोनेरी सनद आम्हांस कागदाचा तुकडा वाटते. फ्लँडर्सच्या सरदारानें या घराण्यास ढाल दिली असेल नसेल. या बाईनें त्यास पाठीचा कणा दिला. आणि ती रक्तानें जॉर्जची आईहि नव्हती.

बापावर रागावण्याचें मात्र कारण नाहीं. मुलेंबाळें, गुरेंढोरें व दुसऱ्याची जमीन ज्याच्या अंगावर, त्याला सही करावी लागली. अशीं घरें इंग्लंडांत हजारों होतीं. नवरा चर्चमध्यें हजेरी लावी, बायको घरीं जपमाळ ओढी, व दोघें मिळून धर्माचा विस्तव राखेखालीं जपून ठेवीत. दोषी कोण व शूर कोण, याचा निवाडा आपण गादीवर बसून करूं नये.

जॉर्जहि बापाच्याच वाटेनें गेला. १५९४ च्या सुमारास तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिरला व १५९७ मध्यें पदवीधर झाला. तेथील रिवाजाप्रमाणें राजनिष्ठेची शपथ त्यानें घेतलीच असली पाहिजे. १६०४ मध्यें अ‍ॅन मिन हिच्याशीं त्याचें लग्न लंडनमधील प्रॉटेस्टंट चर्चांत लागलें. मुलांचे बाप्तिस्मेहि त्याच चर्चच्या रीतीनें झाले. म्हणजे ज्या वर्षीं किप्लिनला सावत्र आईचें नांव दोषींच्या यादींत चढलें, त्याच वर्षीं मुलगा लंडनांत राजधर्माच्या वेदीपुढें उभा होता. पुढें तो चढतच गेला. ज्या किप्लिनला बाप कूळ म्हणून राहिला, तीच जमीन मुलानें १६१९ मध्यें लॉर्ड व्हार्टनकडून विकत घेतली, व तेथें तांबड्या विटांचा सुंदर वाडा उठविला. तो वाडा अजून उभा आहे.

पण राखेखालचा विस्तव विझला नव्हता. १६२५ च्या आरंभीं, सर्व वैभव हातीं असतांना, जॉर्जनें सेक्रेटरीची जागा सोडली व आपण कॅथोलिक असल्याचें उघड केलें. राजा जेम्सनें त्याच्यावरील लोभानें त्यास आयर्लंडांतील बाल्टिमोरचा लॉर्ड केलें. परंतु दरबारांतील त्याचें दिवस संपले. दरबारांतील राजकारण फसल्यामुळें त्यानें हें केलें, असें कित्येक म्हणतात. तेंहि कांहीं अंशीं खरें असेल. मनुष्याचें मन परमेश्वरच पाहतो. आपण एवढेंच पाहूं कीं, जो मुलगा बारा वर्षांचा असतांना घरांतून उचलून नेला गेला, तो पंचेचाळिशींत घरीं परत आला.

त्यानंतर त्यानें न्यूफाउंडलँड बेटावर फेरीलँड येथें वसाहत बसविली होती तिकडे तो १६२८ मध्यें कुटुंबासह राहण्यास गेला. मुलगा लेनर्डहि बरोबर होता. पण तेथील हिंवाळा भयंकर. राजाला १६२९ च्या ऑगस्टांत लिहिलेल्या पत्रांत तो कळवितो कीं, शंभर माणसांपैकीं पन्नास एका वेळीं आजारी पडलीं, व नऊदहा दगावलीं. तेथून तो उबदार प्रदेशाच्या शोधांत व्हर्जिनियास गेला. तेथील अधिकाऱ्यांनीं राजा हाच चर्चचा सर्वाधिकारी अशी शपथ त्याच्यापुढें ठेविली. बापानें १५८० मध्यें वचन दिलें होतें. यानें स्वतः तरुणपणीं शपथ घेतली होती. परंतु या वेळीं पन्नाशीच्या घरांतल्या या माणसानें ती नाकारली, व त्याला तेथून जावें लागलें. किप्लिनच्या ग्रेसचें नाहीं म्हणणें समुद्र ओलांडून तेथें पोहोंचलें होतें.

१६३२ च्या एप्रिलांत तो वारला. दोन महिन्यांनीं, जूनच्या २० व्या तारखेस, मेरीलँडच्या सनदेवर शिक्का झाला, व ती थोरला मुलगा सिसिल याच्या हातीं आली. इंग्लंडांत राहून सिसिलनें कारभार पाहावा व धाकट्या लेनर्डनें प्रत्यक्ष जावें असें ठरलें. निघतांना सिसिलनें भावास लेखी ताकीद दिली : कॅथोलिकांनीं आपली उपासना होईल तितकी शांतपणें करावी, धर्मावरून वादविवाद करूं नयेत, व प्रॉटेस्टंट सोबत्यांस कोणत्याहि प्रकारें दुखवूं नये. यांत व्यवहार होता, भीतीहि होती. परंतु ज्या घरांतून मुलें उचलून नेलीं गेलीं होतीं, त्या घरानें दुसऱ्याच्या घरांत शिरूं नये असें ठरविलें, हेंहि खरें. १६४९ मध्यें त्या वसाहतीच्या सभेनें ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणासहि धर्मावरून छळूं नये असा कायदा केला. तो कायदा पुरा उदार नव्हता. त्रैक्य नाकारणारास त्यांत मृत्यूची शिक्षा होती. तरी त्या काळच्या मानानें तें एक मोठें पाऊल होतें. लेनर्ड तें पाहावयास राहिला नव्हता. १६४७ च्या जूनमध्यें तो मेरीलँडांतच वारला.

या घराण्याची काळी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या भूमीवर क्रूस उभारला ती ओसाड नव्हती. तेथें याओकोमिको लोकांचें गांव होतें. तें कुऱ्हाडी, कुदळी व कापड देऊन मिळविण्यांत आलें. पुढील पिढ्यांत त्या लोकांना त्यांच्याच मुलखांत जागा उरली नाहीं. आणि १६६४ मध्यें, कॅल्व्हर्टांच्याच अमलांत, काळ्या लोकांना जन्मभर गुलाम ठरविणारा कायदा तेथें झाला. स्वतःच्या मनावरील बेडी ज्यांनीं तोडली, त्यांनींच दुसऱ्याच्या पायांत ती घातली. थोर कुळाची गोष्ट सांगतांना हें पान फाडून टाकूं नये.

त्या 'आर्क' गलबतावर आणखी एक माणूस होता, व आपल्या वाचकांस त्याचें नांव ऐकून आश्चर्य वाटेल : मथायस द सौझा. फादर व्हाइट यांचा तो करारबंद नोकर. तेथील कागदांत त्याची नोंद मिश्र रक्ताचा अशी आहे. बाप किंवा आई आफ्रिकेची व आडनांव पोर्तुगीज. कराराची मुदत भरल्यावर तो स्वतंत्र झाला, व्यापारी होडी हांकूं लागला, आणि १६४२ मध्यें वसाहतीच्या सभेंतहि बसला. त्याच्यासाठीं कोणी सनद लिहिली नाहीं. त्याच्या बापाचें गांव कोणतें, आजीचें नांव काय, हें सांगणारा एकहि कागद नाहीं. आडनांवावरून त्याला लिस्बनचा सरदार ठरविणें जितकें हास्यास्पद, तितकेंच आपल्या गांवांतील डिसोझा, परेरा, फर्नांडिस यांस ठरविणें होय. सोळाव्या व सतराव्या शतकांत आपल्या पूर्वजांचे बाप्तिस्मे झाले, तेव्हां धर्मबापाचें वा धर्मगुरूचें आडनांव त्यांस मिळालें. तें नांव म्हणजे रक्ताचा दाखला नव्हे. त्या दिवशीं वेदीजवळ कोण उभें होतें, याची ती आठवण आहे.

आतां शेवटची पायरी. सिसिलचा मुलगा चार्ल्स. चार्ल्सचा मुलगा बेनेडिक्ट लेनर्ड. १६८९ च्या उठावानंतर या घराण्याच्या हातून वसाहतीचा कारभार गेला होता. मेरीलँडांत कॅथोलिकांचें राज्य संपलें. १७०४ मध्यें तेथील सेंट मेरीज शहरांतील चर्चला कुलूप पडलें, व १७१८ मध्यें कॅथोलिकांचा मताधिकारहि गेला. बेनेडिक्ट लेनर्डनें १७१३ मध्यें कॅथोलिक धर्म सोडला व सरकारी चर्च स्वीकारलें. १७१५ मध्यें वसाहत घराण्यास परत मिळाली. १७७१ मध्यें त्या लॉर्डांची गादीहि वारसावांचून खुंटली. म्हणजे किप्लिनच्या ग्रेसनें जें दिलें नाहीं, तें तिच्या घराण्यानें चार पिढ्यांनंतर स्वतः होऊन देऊन टाकलें. ढाल राहिली, ध्वज राहिला; ज्याकरितां समुद्र ओलांडला होता तें हातचें गेलें. पण मेरीलँडांत त्या कुलूपबंद चर्चच्या आसपास जीं गरीब घरें होतीं, तीं खासगी घरांतून मिस्सा ऐकत राहिलीं, व श्रद्धा त्यांच्याकडून पुढें चालली.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या दारीं येणारांस आम्हांला जें सांगावयाचें होतें तें हेंच. श्रद्धा रक्तांतून उतरत नाहीं. ती बापाकडूनच येते असेंहि नाहीं. कधीं सावत्र आईकडून येते, कधीं धर्मआईकडून, कधीं घरांतल्या मोलकरणीकडून. म्हणून आपल्या वहींतील नोंद वाचतांना पहिल्या रकान्यांतील आडनांवावरच डोळा ठेवूं नका. ट्रेंटच्या धर्मसभेनें लग्नांची वही ठेवण्यास १५६३ मध्यें फर्माविलें व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मबाप-धर्मआईचीं नांवें लिहून घ्यावयास सांगितलें, त्याचा अर्थ हाच. आपल्या वहींत मुलाच्या नांवापुढें ज्या बायाबापड्यांचीं नांवें आहेत, ज्यांना सही करतां येत नसल्यामुळें क्रुसाची खूण केलेली आहे, तींच आपलीं खरीं मूळमाणसें.

एक विनंति करून हा लेख पुरा करतों. आपल्या घरीं म्हाताऱ्या आजीबाई असतील, तर त्यांना जवळ बसवून त्यांच्या आईचें, आजीचें, धर्मआईचें नांव विचारा, कोणत्या विहिरीवरून कोणत्या वाडींत त्या लग्न होऊन आल्या तें विचारा, आणि लिहून ठेवा. जुनें लग्नपत्रक, मर्तिकाचा कागद, जमिनीचा उतारा सांपडल्यास तो रद्दींत घालूं नका, आम्हांकडे आणा. जें सांपडेल तें खरें लिहूं, जें सांपडणार नाहीं तें कल्पनेनें भरणार नाहीं. सरदारकुळ निघालें तर ठीकच. वासरें राखणारा निघाला तर अधिक आनंद. कारण ज्या रात्रीं प्रभु येशूचा जन्म झाला, त्या रात्रीं देवदूतांनीं ती वार्ता प्रथम ज्यांना सांगितली, ते रानांत कळप राखणारेच होते. त्या प्रभूची कृपा या ज्युबिलीच्या वर्षीं आपणा सर्वांच्या घरांवर राहो.